सही फक्त तिची

बडनेऱ्याहून ऑटोने अमरावतीच्या डफरीनला जा, नाहीतर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. गर्भपाताआधी भरायचा संमतीचा कागद एकच: ‘नमुना सी’. सज्ञान बाईची एकटीची सही त्यावर पुरते. नवऱ्याच्या सहीला तिथे जागाच नाही. कोणी ती मागितलीच, तर ती मागणी कायद्यातली नाही, हे प्रत्येकीला ठाऊक असायलाच हवं.

या कागदामागे महाराष्ट्राचा हात आहे. १९६४ साली केंद्राने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते राज्याचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. चोरून, जिवावर बेतणारे गर्भपात थांबावेत म्हणून समितीने कायदा सुचवला. ब्रिटनने १९६७ मध्ये वाट मोकळी केली होती. आपला कायदा १९७१ चा. १९९४ च्या कैरोच्या लोकसंख्या परिषदेत असुरक्षित गर्भपात हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, हे जगभरच्या सरकारांनी मान्य केलं.

आपल्याकडे गर्भपाताची मुदत मात्र २० आठवड्यांवरच अडली. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गर्भाला हृदयदोष असलेल्या एका जोडप्याला परवानगी नाकारली, आणि देशभर चर्चा पेटली. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक गटांसाठी मुदत २४ आठवडे केली. कायद्यातल्या ‘नवरा’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ आला. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही २४ आठवड्यांची दारं उघडली.