खारी हवा, कोमट पाणी आणि वॉशिंग मशीन

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात पावसाळा सुरू झाला की कपडे दोन-दोन दिवस ओलेच राहतात आणि त्यांना कुबट वास येऊ लागतो. मशीनमध्ये गरम पाण्याचा प्रोग्राम लावला तरी हा वास का जात नाही?

कारण ते गरम पाणी फक्त धुण्यापुरते असते. हीटर असलेल्या बहुतेक फ्रंट लोड मशीनमध्ये साबणाचे पाणी तापते, खळबळण्याचे पाणी मात्र नळातून येते तसेच वापरले जाते. त्यात कंपनीचा हिशेब साफ आहे. साबण निघतो तो मुख्यतः पाणी बदलल्याने, आणि पाणी तापवायला वीज लागते. १५ लिटर पाणी २७ अंशांवरून ४० अंशांवर न्यायचे तर जवळपास पाव युनिट खर्च होते. दोनदा खळबळले की अर्धे युनिट.

तरीही शेवटचे पाणी कोमट असण्याचे फायदे आहेत. न विरघळलेली पावडर सुटते. शिवाय ४० अंशांचे पाणी २५ अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे पाव हिश्शाने पातळ वाहते, त्यामुळे पिळताना ते कपड्यातून अधिक निघते. पावसाळ्यात हे थोडे नाही.

सेमी ऑटोमॅटिक मशीन असेल तर काम सोपे: बंबातले किंवा गीझरचे पाणी थंड पाण्यात मिसळून बादलीने ओतायचे. ऑटोमॅटिक मशीनला गरम-थंड असे दोन नळ असले, तरी खळबळताना बहुधा थंडाचाच झडप उघडतो. त्यामुळे पाणी आधीच मिसळून त्या नळाला द्यावे लागते. सोलर हीटरची नळी थेट जोडणे मात्र धोक्याचे, कारण उन्हाळ्यात तिथले पाणी ६० अंशांच्याही वर जाते. नळी आणि झडपेला किती तापमान चालते हे माहितीपुस्तिकेत पाहावे आणि मध्ये तापमान राखणारा मिक्सर बसवावा. लोकरी आणि रंग सोडणाऱ्या कपड्यांना यातून वगळलेले बरे.

पण किनाऱ्यावर मशीनचा खरा शत्रू थंड पाणी नव्हे, मीठ आहे. समुद्राजवळच्या काही विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. ड्रम स्टेनलेस स्टीलचा असला तरी त्याला मागून धरणारा तीन हातांचा आधार बहुधा ॲल्युमिनियम मिश्रधातूचा असतो. दोन वेगळे धातू, मध्ये खारट ओल आणि साबणाचा थर, म्हणजे गंज ठरलेला. हा आधार झिजून तुटला की मशीन पिळताना धडधडते. दुरुस्तीचा खर्च ऐकून अनेक जण नवेच मशीन घेतात.

इथे सॉफ्टनरवर भिस्त ठेवणे चूक ठरते. तो कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम सोडतो. हीटरवर क्षार साचणे त्याने कमी होते, खारटपणा नाही. विहीर मचूळ झाली की निदान शेवटचे पाणी तरी नळयोजनेचे वापरावे. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी त्याहून उत्तम. पहिल्या पावसाने छप्पर धुऊन निघाल्यावर ते धरून गाळून घेतले, की फुकटात मऊ पाणी मिळते, आणि ते बंबात तापवताना क्षारही जमत नाहीत.

मशीनची जागाही महत्त्वाची. पडवीत किंवा मागील दारी ठेवलेल्या मशीनला खारा वारा थेट लागतो. आत, भिंतीपासून थोडे सुटे ठेवलेले मशीन जास्त टिकते. काम झाल्यावर दार उघडे ठेवावे, रबराची कड पुसावी, साबण मोजूनच घालावा आणि खालून उंदीर शिरू नये म्हणून जाळी लावावी.

राहिली वीज. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती. एरवीही पावसाळ्यात वीज जाते-येते, आणि परत येताना दाब वर-खाली झाला की मशीनचे सर्किट बोर्ड जळू शकते. म्हणून वीज गेली की लगेच प्लग काढावा आणि पुरवठा स्थिर झाल्यावरच लावावा. अर्थिंग नीट आहे ना, हे वायरमनकडून पावसाळ्याआधी तपासून घ्यावे. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून मशीनला हात लावणाऱ्या माणसाच्या जिवाचा तो प्रश्न आहे.