कृपा, पाचारण आणि चार कुलपांची पेटी



ताळेबंद आणि जमाखर्चाची पत्रके वाचण्यापूर्वी सेवाकार्यामागील विचाराची थोडी उजळणी व्हावी, या हेतूने हा माहितीपर लेख सादर करीत आहोत. यंदाचा विषय काहीसा दूरचा आहे. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात मुल्डे नदीच्या काठी लायस्निग नावाचे एक लहान गाव आहे. तेथील ख्रिस्ती मंडळीने १५२३ साली गोरगरिबांसाठी एक सामाईक निधी उभारला आणि त्याची नियमावली लिहून काढली. मार्टिन ल्यूथर यांनी तिला प्रस्तावना लिहिली. आजच्या कोणत्याही विश्वस्त संस्थेने अभ्यासावी, अशी ती नियमावली आहे.

ती समजून घेण्यासाठी प्रथम ल्यूथरपंथीयांच्या दोन मूलभूत कल्पना पाहू. पहिली कल्पना कृपेची. त्या काळी पापाची शिक्षा माफ झाल्याचे दाखले पैसे देऊन मिळत. १५१७ साली ल्यूथर यांनी या व्यवहाराला जाहीर आक्षेप घेतला. त्यांची शिकवण अशी की, ईश्वराची कृपा ही निव्वळ देणगी आहे. ती दानधर्माने विकत घेता येत नाही, उपासतापासाने कमावता येत नाही. ती विश्वासाने केवळ स्वीकारायची असते. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. आमच्या भाषेत सांगायचे तर, येथे पुण्याचे खाते उघडलेलेच नाही.

मग सत्कर्म कशासाठी करायचे, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो. ल्यूथर यांचे उत्तर असे की, सत्कर्माची गरज शेजाऱ्याला आहे. स्वतःच्या उद्धाराची चिंता कृपेने मिटल्यावर माणसाचे हात शेजाऱ्यासाठी मोकळे होतात. म्हणूनच या विचारात देणारा घेणाऱ्यापेक्षा उंचावर उभा राहत नाही. दोघेही मुळात घेणारेच असतात.

दुसरी कल्पना पाचारणाची. पाचारण म्हणजे ईश्वराचे बोलावणे. ते पूर्वी फक्त साधू, जोगिणी व याजक यांनाच येते, असे मानले जाई. १५२० सालच्या आपल्या लेखनात ल्यूथर यांनी चांभार, लोहार व शेतकरी यांचीही कामे त्याच पंक्तीला बसवली. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजकच आहे, कामे तेवढी निरनिराळी आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पाळकाचे काम उपदेशाचे व संस्कारविधीचे. परंतु मंडळीची सेवा सर्वांची मिळून. लायस्निगच्या चर्चवर पाळक नेमण्याचा अधिकार बूख येथील मठाकडे होता. तो अधिकार मंडळीचा आहे, असे प्रतिपादन करणारी स्वतंत्र पुस्तिका ल्यूथर यांनी १५२३ मध्येच लिहिली. ल्यूथरपंथी चर्चमध्ये पाळकाच्या नेमणुकीला 'पाचारण' म्हणण्याची पद्धत आजही आहे.

आता पेटीकडे वळू. निधीच्या कारभारासाठी दरवर्षी दहा कारभारी निवडायचे, असे ठरले. त्यांत दोन सरदार घराण्यांतील, दोन नगर परिषदेतील, तीन सामान्य नागरिक आणि तीन आसपासच्या खेड्यांतील शेतकरी. पेटीला चार निरनिराळी कुलपे आणि प्रत्येक गटाकडे एकच किल्ली. म्हणजे चौघे एकत्र आल्याशिवाय पेटी उघडणेच अशक्य. कारभाऱ्यांनी दर रविवारी बैठक घ्यावी, ठराव व हिशेब वह्यांत लिहावेत आणि वर्षातून तीन वेळा सर्व मंडळीसमोर बसावे, असा नियम होता. या निधीतून पाळक व शिक्षक यांचे वेतन, अनाथ मुले, वृद्ध व आजारी यांचा सांभाळ, अडचणीतील कारागिरांना कर्ज आणि टंचाईसाठी धान्याचा साठा, असा खर्च करावयाचा होता. उत्पन्न अपुरे पडल्यास प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे वार्षिक वर्गणी द्यावयाची होती. भीक मागण्यास मनाई होती. 

एवढी चोख योजना असूनही ती सुरळीत चालली नाही. जुन्या धार्मिक देणग्यांची मालमत्ता पेटीत यायची होती. नगर परिषदेने ती सोपवण्यास नकार दिला. ल्यूथर यांनी १५२३ च्या ऑगस्टमध्ये सॅक्सनीच्या इलेक्टरकडे (निर्वाचक राजपुत्राकडे) तक्रार केली. चार कुलपे जडवणे सोपे, पण ताब्यातील मालमत्ता सामाईक पेटीत टाकणे कठीण, हा अनुभव त्या मंडळीलाही चुकला नाही.

भारतातही या परंपरेचे एक ठळक उदाहरण आहे. अमेरिकेतील ल्यूथरपंथी मंडळ्यांतील स्त्रियांच्या संघटनेने डॉ. अ‍ॅना कुगलर यांना १८८३ साली आंध्रातील गुंटूर येथे पाठवले. सुरुवातीला त्यांच्याकडे सोपवलेले काम शिक्षिकेचे होते. वैद्यकीय कार्याला मिशनची तयारी नव्हती. तरीही त्या रुग्ण तपासत राहिल्या आणि १८९८ साली तेथे रुग्णालय सुरू झाले.

या साऱ्याचा आपल्या रुग्णालयाशी काय संबंध, असे कोणी विचारील. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. तसेच एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. हा निधी म्हणजे आपली सामाईक पेटीच होय. कायदा तिचे कुलूप सांभाळतो. परंतु ती कोणत्या मनाने उघडावी, हे कायदा सांगू शकत नाही.

येथे आमची एक चूक नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते. मोफत उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या केसपेपरवर पूर्वी आम्ही लाल शाईचा मोठा शिक्का मारीत असू. हिशेब तपासनिसाच्या दृष्टीने ती सोय होती. एके दिवशी औषधांच्या खिडकीसमोरील रांगेत एका रुग्णाचा मुलगा त्या कागदाची घडी पुन्हा पुन्हा अशी घालीत होता की, शिक्का आत जावा. त्याला कोणीही काही बोलले नव्हते. शिक्काच बोलत होता. त्यानंतर आम्ही शिक्का बंद केला. मोफत उपचारांची नोंद आता फक्त लेखा विभागाच्या वहीत होते. हिशेबात एका पैचाही फरक पडलेला नाही.

ज्यांनी देणगी दिली त्यांचे, आणि ज्यांना या निधीतून उपचार मिळाले त्यांचेही, आम्ही सारख्याच आदराने आभार मानतो. फरशी पुसणाऱ्या मावशी, रात्रपाळीच्या परिचारिका, रोखपाल आणि शल्यचिकित्सक या सर्वांची सेवा एकाच कार्याचा भाग आहे, अशी आमची धारणा आहे. पुढील पानांवरील पत्रके आपण बारकाईने तपासावीत आणि शंका असल्यास निःसंकोच विचाराव्यात. तो आपला अधिकार आहे. पेटीची एक किल्ली आपल्याही हाती आहे.