गुलाबी गाठींचा उडीद
कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम् परिसरात, कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, भातकापणीच्या आठ-दहा दिवस आधी उभ्या पिकातच उडीद-मूग फोकून पेरतात. ना नांगरट, ना वेगळं पाणी. चिखलातली ओलच पुरते.

नत्र पुरवतात ब्रॅडीरायझोबियम जिवाणू. उडदाच्या मुळांवरच्या गाठींत राहून ते हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतात. झाड मोबदल्यात साखरेपासूनचं अन्न देतं.

गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी-लाल दिसली तर काम चालू, हिरवट असेल तर बंद. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. ते मोकळ्या ऑक्सिजनला आवर घालतं, नाहीतर नत्र बांधणारं विकर निकामी होतं.

अशा गाठींतले जिवाणू १८८८मध्ये डच शास्त्रज्ञ मार्टिनस बेयरिंक यांनी प्रथम वेगळे केले. गोविंदपुरम् जवळच्या आडुदुरैचं भात संशोधन केंद्र १९२२पासूनचं; 'एडीटी-३' हा उडदाचा वाण तिथलाच.