पाण्यासाठीं नकाशा

वर्गाच्या भिंतीवरील महाराष्ट्राच्या नकाशांत हिवरे बाजार शोधूं गेलांत, तर तें बहुधा सांपडणार नाहीं. नगर तालुक्यांतील हें गांव सुमारें ९७६ हेक्टरांचें. टांचणीच्या टोकाखालीं तें झांकून जाईल. पण यंदा पाणी किती पडलें व तें कोणत्या पिकास पुरेल, हा जो प्रश्न त्या गांवापुढें दरवर्षीं उभा राहतो, त्याचें उत्तर नकाशावांचून नीट मिळत नाहीं.

येथें पाऊस बेताचा, सरासरी ४०० मिलिमीटरांच्या आसपास. १९९४ मध्यें गांव आदर्श गांव योजनेंत आलें. श्री. पोपटराव पवार यांच्या पुढारीपणाखालीं ग्रामस्थांनीं डोंगरउतारावर समतल चर खणले, नाल्यांवर बांध घातले, शेतीसाठीं विंधनविहिरी घेण्यास बंदी केली. पुढें पाऊस व विहिरींतील पाणी मोजून त्याचा ताळेबंद ग्रामसभेंत मांडण्याची वहिवाट पडली. कोणतीं पिकें घ्यावीं हें त्यावरून ठरतें.

आतां हिशेब पाहा. १ हेक्टरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. साऱ्या शिवारावर १०० मिलिमीटर पडला तर ९७ कोटि ६० लाख लिटर होतें. अर्थात् सगळें कांहीं विहिरींत उतरत नाहीं. कांहीं उडून जातें, कांहीं वाहून जातें. तें कोणीकडे वाहतें हें कळण्यास जमिनीची उंची ठाऊक पाहिजे.

बारीक मापाचे नकाशे सामान्य माणसाच्या हातीं येणें आपल्या देशांत फार काळ दुर्घट होतें. २०२१ मध्यें भारत सरकारनें ते निर्बंध पुष्कळ सैल केले. उंचीची माहिती मात्र आणखी एका वाटेनें मिळते. अमेरिकेच्या ‘एंडेव्हर’ यानानें फेब्रुवारी २००० मध्यें ११ दिवसांत पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची रडारनें मोजली, आणि ती माहिती आज कोणासहि विनामूल्य घेतां येते. तींत जमिनीचे सुमारें ३० मीटर बाजूचे चौकोन कल्पून प्रत्येकाची उंची लिहिलेली असते. हिवरे बाजाराच्या वांट्यास असे सुमारें १०,८०० चौकोन येतात.

‘क्यूजीआयएस’ ह्या विनामूल्य प्रणालींत हे आंकडे घातले म्हणजे संगणक प्रत्येक चौकोनाच्या आठ शेजाऱ्यांकडे पाहतो व सर्वांत अधिक उताराच्या शेजाऱ्याकडे त्याचें पाणी लावून देतो. ज्या चौकोनांत पुष्कळांचें पाणी जमतें, त्यांची रांग म्हणजे ओढा. त्या ओढ्यास मिळणारे सर्व चौकोन म्हणजे त्याचें पाणलोट क्षेत्र. रस्ते, शाळा, सीमा हीं सर्व गाळून टाकलीं कीं पाण्याचा नकाशा उरतो.

पण भुलूं नये. मीं केलेल्या पहिल्याच नकाशांत सपाट शेतांमधून ओढे फूटपट्टीनें आखल्यासारखे सरळ व समांतर धांवले! कारण उंची पूर्ण मीटरांतच दिलेली. सपाट जागीं शेजाऱ्याशेजाऱ्यांत फरकच उरत नाहीं, आणि यंत्र आपलें कांहीं तरी आंखून मोकळें होतें. दाट झाडीच्या जागीं रडार जमिनीऐवजीं शेंड्यांची उंची सांगतें. २००० नंतर घातलेले बांध तर तींत असणेंच शक्य नाहीं, आणि ज्या चरांनीं गांवाचें पाणी अडविलें, ते ३० मीटरांच्या चौकोनांत केव्हांच हरवून जातात.

म्हणून नकाशा हातीं घेऊन पायीं फिरावें लागतें. विहीर कोठें, बांध कोठें, तें पाहून नोंदावें लागतें. २००४ पासून चालत आलेल्या ‘ओपन स्ट्रीट मॅप’ ह्या जगाच्या सामाईक नकाशावर अशी नोंद कोणीहि करूं शकतो व ती दुसऱ्यासहि वापरतां येते. ओढ्याचें नांव मात्र यानास दिसत नाहीं. तें घरांतील आजोबांस विचारावें, आणि त्यांनीं सांगितलें तसेंच लिहावें.