कॅमेऱ्याची स्मृती किती दिवसांची?

पांढुर्णा आणि सौंसर परिसरातील अनेक रुग्णालये व शाळांच्या दारावर आता ‘आपण कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात’ अशी पाटी दिसते. ती वाचून पालक निश्चिंत होतात. परंतु कॅमेरा जे पाहतो ते तो दीर्घकाळ जपून ठेवतोच असे नाही, आणि बालकांच्या संदर्भात हा भेद फार मोलाचा आहे.

चित्रण डीव्हीआर या यंत्रातील हार्ड डिस्कवर साठते. डिस्क भरली की यंत्र थांबत नाही. सर्वांत जुने चित्रण पुसून त्या जागी नवे लिहिते. हिशेब सोपा आहे. प्रतिसेकंद २ मेगाबिट या गतीने एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१.६ जीबी जागा घेतो. आठ कॅमेऱ्यांना १ टेराबाइटची डिस्क जोडली, तर सहाव्या दिवशीच पहिल्या दिवसाचे चित्रण पुसले जाऊ लागते.

अत्याचारग्रस्त बालक मात्र सहसा सहा दिवसांत बोलत नाही. भीती, धमकी आणि शब्दांचा अभाव यांमुळे आठवडे, कधी महिनेही जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेतील दोन चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा शाळेतील पंधरा दिवसांचे चित्रण गायब असल्याचे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी सांगितले होते.

मग चित्रण किती काळ ठेवावे? पोलीस ठाण्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी प्रकरणात १८ महिन्यांची मर्यादा घालून दिली. बँकांच्या लॉकर कक्षासाठी रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये किमान १८० दिवस ठरविले. आंतररुग्णांच्या कागदपत्रांसाठी २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत ३ वर्षे आहेत. खासगी रुग्णालयातील चित्रणासाठी मात्र देशभर लागू असा एकच कालावधी नाही. म्हणूनच तो आपणच ठरविला पाहिजे.

जास्त दिवस साठवणे हेही निर्धोक नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील स्त्री-रुग्णांच्या तपासणीचे चित्रण बाहेर फुटल्याचे उघड झाले. तपासणी कक्षात, प्रसूतिकक्षात व स्तनपानाच्या जागी कॅमेरा नकोच. यंत्राचा मूळ पासवर्ड बदलावा आणि चित्रण कोण पाहू शकेल हे लिहून ठेवावे.

माझी सूचना अशी : प्रवेशद्वार व बालरुग्ण कक्षाबाहेरील मार्ग यांचे चित्रण ९० दिवस ठेवावे. या दोन कॅमेऱ्यांसाठी ४ टेराबाइटची स्वतंत्र डिस्क पुरते. दर महिन्याला यंत्राचे घड्याळ आणि सर्वांत जुन्या चित्रणाची तारीख तपासावी. शंका उद्भवताच, तक्रारीची वाट न पाहता, त्या दिवसांची प्रत काढून घ्यावी व मूळ डिस्क जपावी. न्यायालयात अशा प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळविण्याचे आपले कर्तव्य तर स्वतंत्र आहेच. चित्रण नसले तरी ते टळत नाही.

मूल बोलण्याचे धैर्य गोळा करील तोपर्यंत पुरावा टिकून राहावा, एवढी व्यवस्था आपल्या हाती आहे. ती आजच करू या.