विवाहितांवरील अदृश्य कर

१९७५ सालच्या अखेरीस अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील एक दांपत्य, जे उभयतां केंद्र सरकारच्या नोकरीत होते, हैती देशात गेले, तेथे त्यांनी घटस्फोट घेतला, जानेवारीत स्वदेशी परतून पुनश्च विवाह केला, आणि पुढील वर्ष सरता सरता डॉमिनिकन गणराज्यात जाऊन तोच क्रम पुन्हा आचरिला. त्यांच्यात बेबनाव नव्हता, संसारही एकाच घरी अखंड चालू होता. परंतु ३१ डिसेंबर रोजी जो विवाहित, तो संपूर्ण वर्ष विवाहित, असा तेथील प्राप्तिकराचा दंडक असल्यामुळे, त्या एका दिवशी अविवाहित असणे त्यांस किफायतशीर होते. करन्यायालयाने १९८० मध्ये ते घटस्फोट अग्राह्य ठरविले. तथापि सुखाने नांदणाऱ्या पतिपत्नींना जो कायदा काडीमोडीचा मोह घालतो, त्या कायद्याचीच चौकशी प्रथम व्हावयास हवी.

या विसंगतीचे मूळ साध्या हिशेबात आहे. समजा, पहिल्या हजारावर दहा टक्के आणि दुसऱ्या हजारावर वीस टक्के असा चढता दर आहे. प्रत्येकी हजार मिळविणारे दोघे अविवाहित असता प्रत्येकी शंभर, म्हणजे एकूण दोनशे देतील. विवाहानंतर त्यांचे उत्पन्न एकत्र धरून तोच दर लावला, तर तीनशे द्यावे लागतील. हा अन्याय टाळण्यासाठी दांपत्याकरिता दराचे टप्पे दुप्पट केले, तर एकट्या पतीच्या कमाईतून दोन हजार मिळविणाऱ्या कुटुंबाचा कर तीनशेवरून दोनशेवर येतो, आणि तितकेच मिळविणारा ब्रह्मचारी किंवा विधवा मात्र तीनशेच भरीत राहते. चढता दर, समान उत्पन्नाच्या दांपत्यांना समान कर, आणि विवाहाविषयी संपूर्ण तटस्थता, ही तिन्ही तत्त्वे एकाच वेळी पाळणे कोणत्याही अर्थमंत्र्यास शक्य नाही. त्यांतील एकाचा त्याग अटळ आहे.

अमेरिकेचा इतिहास म्हणजे हा त्याग आळीपाळीने निरनिराळ्या वर्गांवर लादण्याचा इतिहास होय. १९१३ मध्ये कर सुरू झाला तो व्यक्तीवर. पतिपत्नींच्या मिळकतीवर उभयतांचा समान हक्क मानणाऱ्या राज्यांत उत्पन्न निम्मे निम्मे विभागून दाखविण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९३० मध्ये मान्यता दिली, आणि १९४८ मध्ये काँग्रेसने ती सवलत सर्व देशास दिली. मग अविवाहितांनी गाऱ्हाणे मांडले. १९६९च्या कायद्याने त्यांचा कर समान उत्पन्नाच्या दांपत्याहून २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा अशी तजवीज केली, आणि त्याच उपायातून दोघेही कमावत्या दांपत्यांवरील दंड जन्मास आला. १९८१ मध्ये त्यांना दिलेली वजावट १९८६ मध्ये काढून घेण्यात आली. पुढे २००१ पासूनच्या दुरुस्त्यांनी बहुतेकांवरील भार पुष्कळ कमी केला, परंतु तो निःशेष झाला नाही. निवृत्तांच्या सामाजिक सुरक्षा वेतनावरील कर ज्या मर्यादेनंतर सुरू होतो, ती १९८३च्या कायद्याने एकट्यास २५,००० डॉलर आणि दांपत्यास अवघी ३२,००० डॉलर ठरविली, व ती आजही तशीच आहे. म्हणजे उतारवयात परस्परांचा आधार शोधणाऱ्या दोघांना विवाहाबरोबर १८,००० डॉलरांची मर्यादा गमवावी लागते.

सर्वांत गहन अन्याय मात्र कमावत्या स्त्रीवर होतो. एकत्रित आकारणीत पतीचे उत्पन्न आधीच वरच्या टप्प्यास पोहोचलेले असल्याने, पत्नीने मिळविलेल्या पहिल्याच डॉलरवर तो वरचा दर बसतो. आणि मुलांच्या सांभाळाचा खर्च वजा जाता हाती उरणारी रक्कम इतकी अल्प ठरते की, तिने नोकरी सोडावी हेच घरातील हिशेबी शहाणपण वाटू लागते.

आपल्याकडे आकारणीचा घटक व्यक्ती आहे. पत्नीचे वेतन हे तिचेच उत्पन्न. पतीने पुरेशा मोबदल्याविना पत्नीच्या नावे केलेल्या मालमत्तेचे उत्पन्न पतीच्या खाती धरले जाते, तो करचुकवेगिरीस घातलेला बांध होय. विवाहितांना झुकते माप देण्याचा प्रयोग येथेही झाला: १९५५-५६च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी विवाहितांस २,००० रुपयांपर्यंत व अविवाहितांस १,००० रुपयांपर्यंत करमाफी ठेवली होती. गोव्यात मात्र पोर्तुगीज अमदानीतील नागरी कायद्याप्रमाणे ज्या दांपत्यांची मिळकत सामाईक आहे, त्यांचे वेतनाव्यतिरिक्त उत्पन्न उभयतांत समान विभागून, प्रत्येकाची आकारणी स्वतंत्रपणे होते. १९९४ मध्ये १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात घातलेल्या ‘५-अ’ या कलमाने ही व्यवस्था स्पष्ट केली.

व्यक्तिशः आकारणीतही उणीव आहे: एकाच्या कमाईवर चालणारे घर, दोघांत तितकीच कमाई विभागलेल्या घराहून अधिक कर देते. परंतु त्या घरातील मुलांचा, वृद्धांचा व आजाऱ्यांचा भार हलका करावयाचा, तर सरकारने त्यासाठी उघड व स्वतंत्र साहाय्य द्यावे. तिन्ही तत्त्वांपैकी एक सोडणे भाग असेल, तर दांपत्यादांपत्यांतील समता सोडावी आणि विवाहाविषयीची तटस्थता राखावी. कारण पहिलीची उणीव अनुदानाने भरून काढता येते, परंतु आपल्या श्रमाचे मोल आपल्याच नावे मोजले जाण्याचा स्त्रीचा हक्क एकदा हिरावला गेला, तर त्याची भरपाई कोणत्याही खजिन्यातून होऊ शकत नाही.