उंची यंत्राची आणि उंची पाण्याची



मागच्या उन्हाळ्यात उपसा योजनेचा बेत करणारे काही सभासद आमच्या शेतकी ऑफिसात कागद घेऊन आले. नदीची पातळी पाटबंधारे खात्याच्या खुणेवरून घेतलेली, 541 मीटर. माळावरच्या टाकीची जागा उपग्रहाच्या यंत्राने मोजलेली, 576 मीटर. म्हणजे हेड 35 मीटर. मोटारींचे दरपत्रकसुद्धा आले होते! पाइपलाइन लांबलचक, त्यामुळे चढ नजरेला कळत नव्हता. आम्ही दुर्बीण लावून लेव्हल घ्यायला लावली, तर हेड शंभराच्या वर निघाले. त्या मोटारींनी टाकीत थेंब चढला नसता आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू राहिले असते.

यंत्र बिघडलेले नव्हते. उपग्रह उंची मोजतो ती एका काल्पनिक गुळगुळीत, ध्रुवांकडे किंचित चपट्या गोळ्यापासून. पाण्याला त्या गोळ्याशी काय देणे-घेणे? पाणी ओळखते गुरुत्वाकर्षण. पृथ्वीच्या पोटातले वस्तुमान सगळीकडे सारखे नाही, म्हणून ओढही सारखी नाही, आणि शांत समुद्राची पातळीसुद्धा त्या गोळ्याच्या कुठे वर तर कुठे खाली राहते. या पातळीला जिऑइड म्हणतात. जगातला तिचा सर्वांत खोल खळगा भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे, सुमारे 106 मीटर. आपण त्याच्याच उतारावर. कोकणात समुद्राला पाय लावून उभे राहिले तरी असे यंत्र उणे साठच्याही खाली आकडा दाखवील!

दुर्बिणीचा बुडबुडा आणि गवंड्याचा ओळंबा मात्र गुरुत्वाकर्षणाचेच ऐकतात. भारतीय सर्वेक्षण खात्याची उंचीची जुनी पायाभूत पातळी 1909 साली ठरली, ती किनाऱ्यावरच्या 9 ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून. सरकारी खुणांचे आकडे या हिशोबाचे. (ओढ विषुववृत्तावर 9.78 आणि ध्रुवावर 9.83, त्यामुळे देशभर लेव्हल न्यायची तर तिलाही दुरुस्ती लागते. आपल्या पाटाला नाही.)

काही यंत्रे जिऑइडचा फरक आतच काढून टाकतात, काही टाकत नाहीत. तेव्हा मोजणाऱ्याला आधी विचारा, उंची कशापासूनची? नदी आणि टाकी दोन्ही एकाच मापाने मोजून घ्या. चोपण जमिनीतल्या निचऱ्याच्या चराला तर मोबाईल लावूच नका. त्याची चूक काही मीटरची, आणि चराचा उतार शंभर मीटरला वीतभर. तिथे दुर्बीण, नाहीतर पाण्याची नळी. दुर्बिणीसाठी गट ऑफिसात नाव नोंदवावे.